संशयाला नंबर नाही

ग्रंथपालांना दुसरी नोकरी करायची हौस मुळीच नव्हती. ती त्यांनी पहिली जाईल या भीतीने धरली. धरल्यावर भीती कमी व्हायला हवी होती, ती झाली नाही. उलट दुसरीमुळे पहिली जाईल अशी आणखी एक भीती घरात राहायला आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. फक्त इथे व्याह्याला दोष देता येत नव्हता, कारण घोडं त्यांनी स्वतःच दारात आणून बांधलं होतं.

झालं असं की एके दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी वाचनकक्षाची लांबी मोजली, खिडक्यांची उंची मोजली, वहीत काहीतरी लिहिलं आणि कुणाशी न बोलता निघून गेली. दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर तो परत आपल्या कामाला लागला असता. ग्रंथपालांनी त्याच दुपारी ग्रंथालय बंद पडल्याचं, पुस्तकं रद्दीत गेल्याचं आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना आपण घरी बसल्याचं सगळं चित्र रंगवून टाकलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. ग्रंथपालांच्या पाठी तो इतकी वर्षं होता की आता त्या बिचाऱ्यालाच धाप लागत असेल.

"माणसं मोजमाप कशाला घेतात?" त्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं.

"पडदे लावायचे असतील," बायको म्हणाली आणि तिने कुकरचं झाकण लावलं.

पडदे. ग्रंथपालांना तिच्या भोळेपणाची कीव आली.

त्याच आठवड्यात बायकोची भाची आली होती. ती घरबसल्या मेडिकल कोडिंगचं काम करायची. तिने ते एका वाक्यात समजावलं. "काका, तुम्ही पुस्तकांना नंबर देता ना, तसंच हे. फक्त पुस्तकाच्या जागी पेशंट." हॉस्पिटलातून केसपेपर संगणकावर येतो, डॉक्टरने काय लिहिलंय ते वाचायचं, आणि प्रत्येक दुखण्याला एका भल्यामोठ्या यादीतला नंबर द्यायचा. विमा कंपनीला दुखणं कळत नाही, नंबर कळतो. यादी अशी की तिच्यात काही म्हणून सुटलेलं नाही. बदक चावलं तर वेगळा नंबर, बदकाने धडक दिली तर वेगळा.

"बदक चावतं?" ग्रंथपालांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून बागेतल्या तळ्याकडची वाट त्यांनी सोडली.

सव्वीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवणाऱ्या माणसाला हे काम जमण्यासारखं होतं, आणि जमलंही. चार महिने अभ्यास करून ते परीक्षा पास झाले. भाचीने तीन नियम पाठ करून घेतले. पहिला, केसपेपरात काय आहे ते कुणालाही सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. तशी शपथ सही करून द्यावी लागते. दुसरा, कामाची तपासणी होते, शंभरपैकी पंच्याण्णवच्या खाली दोनदा गेलात की नारळ. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरून तपासायला आलेल्या पेशंटच्या कागदावर डॉक्टरने 'अमुक असावं', 'तमुकची शक्यता', 'संशय' असं काही लिहिलं असेल तर त्या आजाराचा नंबर द्यायचा नाही. खोकला असेल तर खोकल्याचा द्यायचा, गाठ असेल तर गाठीचा. "संशयाला नंबर नाही, काका. एवढं लक्षात ठेवा."

ग्रंथपालांना हा नियम पटला नाही. त्यांचा अख्खा संसार 'असावं' आणि 'शक्यता' यांवर चालला होता.

यादीतला एक नंबर मात्र त्यांना फार आवडला. आपल्याला काहीतरी झालंय या भीतीने माणूस येतो, डॉक्टर तपासतात आणि काहीही सापडत नाही. त्यालाही नंबर आहे. "हा तुमच्यासाठीच काढलाय," भाची म्हणाली. ग्रंथपाल हसले नाहीत, पण तो नंबर त्यांनी पाठ केला.

कंपनीच्या अटी साध्या होत्या, म्हणजे ज्याच्या घरात सात खोल्या आहेत त्याच्यासाठी साध्या. स्वतंत्र खोली हवी, तिला कुलूप हवं, टेबलावर कागद नको, पेन नको, फोन नको, आणि या नसलेल्या वस्तूंचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवायचे. ग्रंथपालांच्या घरात अडगळीची सोडली तर दोनच खोल्या होत्या आणि एकीत सासरे राहत. सासरे एका दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते, आणि डॉक्टरांपेक्षा पेशंट आपल्यालाच जास्त मानायचे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"जावईबापू, डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला लागणार नाही. अडलं की मला हाक मारा."

"बाबा, आता डॉक्टर टाइप करतात."

"वाचता येतं म्हणजे?" सासरे खरोखर अस्वस्थ झाले. "मग पेशंटला धाक कसला राहणार?"

शेवटी अडगळीची खोली रिकामी करायचं ठरलं. तिथल्या ट्रंका सासऱ्यांच्या खोलीत गेल्या, सासऱ्यांची खुर्ची बाहेरच्या खोलीत आली आणि खुर्चीबरोबर सासरेही आले. कुलपाची बातमी जिन्यावरून खाली पोचली तशा तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. या वहिनींना इमारतीत कुणी विचारत नसे, कारण विचारायच्या आधीच त्यांचा सल्ला आलेला असे. त्या म्हणाल्या, साधी कडी नको, ओढलं की आपोआप लागणारं लॅच बसवा, आमच्या दीरांकडे आहे. दीरांना ते का काढून टाकायचंय हे वहिनींनी सांगितलं नाही. ते तिसऱ्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, कुणाच्या तरी मूत्रपिंडाचे नंबर लावून ग्रंथपाल पाणी प्यायला उठले, तर किल्ली अर्धी हातात आली आणि अर्धी लॅचमध्येच राहिली. त्यांनी दार ढकललं, ओढलं, विनवलं. मग त्यांना घाम फुटला. आधी वाटलं, हवा संपेल. खोलीला झरोका होता, हे आठवून ती भीती गेली, तशी दुसरी आली. बाहेर बायको, सासरे, वहिनी आणि पाठोपाठ सुतार जमल्याचे आवाज येत होते. दार उघडलं की हे सगळे आत बघणार, आणि आत शपथेखालचं मूत्रपिंड. त्यांनी संगणक बंद केला. तरी बंद स्क्रीनवरून कुणी काही वाचलं तर? टेबलावर झाकायला कागदाचा कपटा नव्हता; नाहीच म्हणून फोटो पाठवले होते. ग्रंथपालांनी अंगातला शर्ट काढला आणि स्क्रीनवर घातला.

सुताराने दार उचकटलं तेव्हा बनियनवर उभे असलेले, घामाने निथळणारे ग्रंथपाल सर्वांना दिसले, आणि त्यांच्या मागे शर्ट घातलेला संगणक.

"आत करतात तरी काय हे?" वहिनींनी बायकोला हळूच विचारलं, म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतपत हळू.

"नंबर देतात," बायको म्हणाली.

"कुणाला?"

"ते सांगता येत नाही," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी हे अत्यंत गंभीरपणे सांगितलं, पण बनियनवर गांभीर्य शोभत नाही. सुतार जाताना त्यांच्याकडे न बघता मजुरी घेऊन गेला.

पहिल्या पंधरवड्याची तपासणी झाली, त्यात त्यांना एक्याण्णव मिळाले. तपासणाऱ्या बाई कधी दिसत नसत, त्यांचे शेरे येत. 'न्यूमोनियाचा संशय, असं लिहिलं आहे. आपण न्यूमोनियाच झाल्याचा नंबर दिला. असं नऊ वेळा केलं आहे.' ग्रंथपालांना शेरा अन्यायकारक वाटला. डॉक्टरांना संशय आलाय म्हणजे काहीतरी असणारच ना? पण एक संधी गेली होती, आता एकच उरली.

इकडे कॉलेजच्या सेवानियमांत एक कलम होतं, त्यात पूर्वपरवानगीशिवाय दुसरं काम करण्याबद्दल फार वाईट शब्द वापरले होते. ग्रंथपाल ते कलम रोज एकदा वाचत. शेवटी त्यांनी धीर केला आणि हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेले.

"एक मित्र विचारत होता..."

"अर्ज मित्राचा का तुमचा?" हेडक्लार्कने वर न बघता विचारलं.

"माझा."

"काम कधीपासून चालू केलंत?"

"अजून केलं नाही," ग्रंथपाल म्हणाले, आणि खोटं बोलल्यामुळे त्यांचा डावा डोळा फडफडू लागला.

"मग परवानगी कसली? जे काम नाही त्याला परवानगी देता येत नाही."

"समजा, केलंय."

"मग पूर्वपरवानगी कशी म्हणता येईल? कारवाई होईल."

"मग लोक करतात काय, साहेब?"

"लोक विचारत नाहीत," हेडक्लार्क म्हणाला. पण तो मनाने वाईट नव्हता. त्याने अर्ज घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि तो फायलींच्या मध्यावर, म्हणजे वरून किंवा खालून कुणाच्याही हाताला लागणार नाही अशा जागी ठेवला. ग्रंथपाल घरी आले ते या विचाराने की आपण आता स्वतःच्या हाताने कबुलीजबाब देऊन आलो. पूर्वी कुणाला माहीत नव्हतं. आता त्याला आवक क्रमांक होता.

तेव्हापासून त्यांना सगळीकडे खुणा दिसू लागल्या. ते जिन्यावर आले की बोलणी थांबत. एकदा वहिनी आणि बायको दारात कुजबुजत होत्या, त्यांना पाहून दोघी हवेबद्दल बोलू लागल्या. एकदा वहिनींनी त्यांना अडवून, कधी नव्हे त्या मऊ आवाजात सांगितलं, "धीर धरा हो. सगळं नीट होईल." ग्रंथपाल हिशोब करू लागले. वहिनींपर्यंत पोचलंय म्हणजे प्राचार्यांपर्यंत पोचायला किती वेळ? वहिनींची नणंद कॉलेजच्या कँटीनवाल्याच्या शेजारी राहते, हे त्यांनी केव्हाच हेरून ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं. ग्रंथपालांच्या मनात तर सर्चलाइट होता.

सासरेसुद्धा बदलले होते. एरवी दिवसभर औषधांचा इतिहास सांगणारा माणूस आता गप्प बसून बोटं मोडायचा. आणि दर गुरुवारी संध्याकाळी, नातेवाइकांकडे जातो असं सांगून, मुलीबरोबर बाहेर पडायचा.

त्यात ग्रंथपालांना आजार व्हायला लागले. सोमवारी पाठीच्या मणक्यांचे केसपेपर आले तर मंगळवारी त्यांना वाकता येईना. थायरॉइडचा गठ्ठा आला तेव्हा ते आरशासमोर पाण्याचा घोट घेऊन गळा निरखत बसले. एका बाईला मांजर चावलं होतं, तर त्यांचा पाय ठणकला. घरात मांजर नव्हतं म्हणून ते दुखणं लवकर बरं झालं. असं सगळं अंगावर काढत ते रोज संध्याकाळी सहा ते नऊ खोलीत बसत. दोनदा बायकोने दारावर टकटक केली. दोन्ही वेळा ते आतून ओरडले, "येऊ नका, गोपनीय आहे!" दुसऱ्या वेळी ती दाराशी थोडा वेळ उभी होती, असं त्यांना पावलांवरून वाटलं. मग पावलं गेली.

आणि एका गुरुवारी तो केसपेपर आला.

केसपेपरावर नाव नसतं, गावही नसतं. स्त्री, वय एकोणपन्नास, असं होतं. ग्रंथपालांची बायको एकोणपन्नासची होती, पण एकोणपन्नासच्या बायका जगात पुष्कळ आहेत. पुढे वाचलं. एक मुलगी, लग्न होऊन परगावी. पेनिसिलिनची ॲलर्जी. लहानपणी डावं मनगट मोडलेलं. वृद्ध वडील सोबत राहतात, तपासणीला तेच बरोबर आले.

इथे ग्रंथपालांनी माऊस सोडला. आता त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ग्रंथालयात एकच पुस्तक दोनदा आलं आहे का, हे ओळखायचं त्यांचं स्वतःचं गणित होतं. नाव, लेखक, प्रकाशक, साल, पानं. पाच गोष्टी जुळल्या की पुस्तक तेच. उघडून बघायची गरज नाही. सव्वीस वर्षांत हे गणित एकदाही चुकलं नव्हतं. ग्रंथपालांनी बोटं मोजली. बायकोचं वय, मुलगी, ॲलर्जी, मनगट, वडील. पाच.

खाली लिहिलं होतं: मानेत उजवीकडे गाठ, दीड महिन्यापासून. सुई घालून तपासणी केली, अहवाल यायचा आहे. कर्करोगाचा संशय. आणि शेवटी एक ओळ: 'नवरा स्वभावाने घाबरट आहे, घरी फोन करू नये, अशी रुग्णाची विनंती.'

बायको गेले आठ दिवस गळ्याभोवती रुमाल बांधून हिंडत होती. विचारलं तर म्हणाली, मान आखडलीये.

ग्रंथपाल आजवर हजार गोष्टींना घाबरले होते. बदकाला घाबरले, लॅचला घाबरले, हेडक्लार्कला घाबरले. त्या सगळ्या भीतींना काहीतरी आवाज असायचा, धडधड, घाम, बडबड. ही भीती अगदी शांत होती. ते खुर्चीत बसून राहिले आणि त्यांना एवढंच वाटलं की ही बाई घरात नसेल तर आपल्याला कुणी 'पडदे लावायचे असतील' असं म्हणणार नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ते उठले, दार उघडून बाहेर आले. बाहेरच्या खोलीत बायको, सासरे आणि वहिनी डोकी जवळ आणून बसले होते. त्यांना पाहताच तिघंही गप्प झाले.

"मला सगळं कळलंय," ग्रंथपाल म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"मी? चाळीस वर्षं पेशंटचं गुपित पोटात ठेवलेला माणूस मी," सासरे म्हणाले. "वहिनींना विचार."

"मी फक्त धीर धरा म्हटलं हो," वहिनी म्हणाल्या. "नाव नाही घेतलं कशाचं."

म्हणजे जिन्यावरची कुजबुज, ते मऊ बोलणं, ते गुरुवार, यांतलं काहीच दुसऱ्या नोकरीबद्दल नव्हतं. सगळ्या इमारतीला माहीत होतं आणि ज्या घरातली गोष्ट त्याच घरच्या कर्त्या माणसाला नव्हतं. एरवी या अपमानावर ग्रंथपालांनी आठवडाभर मौन धरलं असतं. आज त्यांना अपमान करून घ्यायलाही सवड नव्हती.

"मानेतली गाठ," ते म्हणाले.

बायकोने रुमाल सोडला. मानेवर उजवीकडे सुईची जागा निळी-पिवळी झाली होती. "परवा रिपोर्ट आला," ती म्हणाली. "काही नाही. साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची, बस."

ग्रंथपाल खाली बसले. खुर्ची होती, पण ते जमिनीवरच बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? मी मानेत सुई टोचून घेऊ का तुम्हाला पाणी पाजत बसू?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि मग तो नेहमीसारखा राहिला नाही. "तरी सांगणार होते. रिपोर्ट यायच्या आधी मला फार भीती वाटत होती. दोनदा तुमच्या दारापर्यंत आले, टकटक केली. तुम्ही आतून ओरडलात, गोपनीय आहे म्हणून. मग म्हटलं, असू दे. माझंही गोपनीय."

वहिनींना अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं आणि त्या निघून गेल्या. सासरे भिंतीकडे बघू लागले. ग्रंथपालांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण सव्वीस वर्षं 'शांतता राखा' ही पाटी डोक्यावर घेऊन बसलेल्या माणसाला अशा वेळी सुचणार काय? त्यांनी बायकोचा हात धरला आणि धरून बसले. तिने तो सोडवून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"ते मी सांगू शकत नाही," ग्रंथपाल म्हणाले. "शपथ आहे." आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात काहीतरी खटकलं. हिचा रिपोर्ट परवा आला. केसपेपर तर आज सकाळचा होता, आणि त्यात अहवाल यायचा होता.

ते उठून आत गेले. केसपेपराला दुसरं पान होतं. कुठलंही पुस्तक हातात आलं की मागचं पान उलटून बघणाऱ्या या माणसाने ते पान उघडलंच नव्हतं. पाच गोष्टी जुळल्या, गणित संपलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: सहा वर्षांपूर्वी पित्ताशय काढलेलं. बायकोचं पित्ताशय जागच्या जागी होतं. आणि खाली: नवऱ्याचा व्यवसाय, अग्निशमन दल.

ग्रंथपालांनी ती ओळ तीनदा वाचली. म्हणजे जगात कुठेतरी एक माणूस होता, जो जळत्या घरात शिरत होता, आणि त्याची बायको म्हणत होती की तो घाबरेल, त्याला सांगू नका. तीही कुठल्या तरी बंद दारापर्यंत जाऊन परतली असेल का? तिचा रिपोर्ट काय येईल हे ग्रंथपालांना कधीच कळणार नव्हतं. केसपेपर एकदा गेला की परत येत नाही.

या वेळी त्यांनी नियम नीट पाळला. कर्करोगाला हात लावला नाही. मानेतल्या गाठीचा नंबर दिला, ॲलर्जीचा दिला, काढलेल्या पित्ताशयाचा दिला. संशयाला नंबर दिला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो नियम पटला. मग खाली शेऱ्यासाठी एक चौकोन असतो, ज्यात सहसा कुणी काही लिहीत नाही, त्यात त्यांनी लिहिलं: 'नवऱ्याला सांगावं. घाबरेल, पण येईल.'

पाठवायचं बटण दाबताना काय होणार ते त्यांना माहीत होतं. पहिल्यांदाच असं झालं की पुढचं सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तरी त्यांनी ते केलं.

तपासणाऱ्या बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'नंबर अचूक. मात्र केसपेपरात नसलेला मजकूर लिहिणं हा गंभीर दोष असून त्याचे गुण कापले आहेत. एकूण त्र्याण्णव. दुसरी वेळ. आपली सेवा आजपासून थांबवण्यात येत आहे.' खाली एक ओळ सुटी होती, घाईत लिहिल्यासारखी. 'टीप पुढे पाठवता येत नाही. मी वाचली.'

त्यानंतरच्या सोमवारी हेडक्लार्क स्वतः ग्रंथालयात आला. दुसरं काम करण्यास पूर्वपरवानगी देण्यात येत आहे, असं पत्र त्याने ग्रंथपालांच्या हातात ठेवलं, पोच म्हणून सही घेतली आणि वर बघून म्हणाला, "छान झाले हो." ग्रंथपालांनी वर पाहिलं. खिडक्यांना हिरवे पडदे लागले होते.

अडगळीच्या खोलीत ट्रंका परत गेल्या, सासऱ्यांची खुर्ची सासऱ्यांच्या खोलीत गेली. लॅच काढून वहिनींना परत केलं. ते त्यांनी कुणालातरी लगेच सुचवलं असणार.

सहा महिन्यांनी बायकोला पुन्हा दाखवायचं होतं. "तुम्ही यायचंय," ती म्हणाली. "बाकावर बसायचं, काही विचारायचं नाही, भिंतीवरचे तक्ते वाचायचे नाहीत." सासऱ्यांनाही यायचं होतं, पण तिने त्यांना घरी ठेवलं.

ग्रंथपाल बाकावर बसले. त्यांनी काही विचारलं नाही. तक्त्यांकडे पाठ करून बसले. फक्त बायकोचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ते सारखे खाली फरशीकडेच बघत होते. नर्स बाहेर आली, तिने हातातला कागद पाहिला, मग त्या दोघांकडे पाहिलं. एक बाई शांतपणे बसलेली, आणि शेजारी एक पांढराफटक पडलेला, घामाने भिजलेला माणूस.

नर्सने काही न विचारता चाकांची खुर्ची ग्रंथपालांसमोर आणून लावली.

"पेशंट या आहेत," ग्रंथपाल म्हणाले.

"ते मी बघते," नर्स म्हणाली. "तुम्ही आधी बसा."

तिने त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. बायको आत गेली आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आली. गाठ होती तेवढीच होती, उलट थोडी लहान झाली होती. ग्रंथपाल अजून चाकांच्या खुर्चीतच होते.

"काय म्हणाली नर्स?" तिने विचारलं.

ग्रंथपालांनी तो नंबर सांगितला. तो त्यांना पाठ होता.

"म्हणजे काय?"

"म्हणजे घाबरलो," ते म्हणाले, "पण आलो." आणि तिने खुर्ची दाराकडे ढकलायला सुरुवात केली.